पायाळूचा पाय

तीन दिवस तुझा फोन लागत नाही. जहाजावर चालत नाही, तर नंबर कशाला देऊन गेलास?

चि. हर्षदला आईचा आशीर्वाद. पत्रही भर समुद्रात पोचत नाही, ठाऊक आहे मला. तरी लिहिते.

तुझ्या लेकीचं, अक्षताचं उद्या ऑपरेशन आहे. कॅन्सर नाही. मणक्याच्या हाडात वाटाण्याएवढी गाठ आहे. इथले मुलुंडचे डॉक्टर कापाकापी करणार नाहीत, बारीक भोकातून सुई घालून ती जाळणार. पण शेजारीच पायांची नस आहे. तिला धग लागली तर पाय जाऊ शकतात. सही तुझ्या बायकोने एकटीने केली.

आता माझं ऐक. सहा महिने पोर पाठ दुखते म्हणत होती. मी म्हटलं, उसण भरली असेल, नाहीतर शाळा बुडवायची नाटकं. मी पायाळू, जन्मले तीच पाय पुढे करून. उसण भरली की अख्खी बिल्डिंग माझा पाय पाठीला लावून घेते. मी तिलाही पालथी झोपवून पाय दिला, दर मंगळवारी, चांगला दाबून. ओरडली तर म्हटलं, "गप गं, मरत नाहीस."

आज डॉक्टरांनी विचारलं, "पाठ कोणी दाबली होती का?" मी खाली बघत बसले. पोरीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही, कोणीच नाही."

तेरा वर्षांची पोर माझ्यासाठी खोटं बोलली.

उद्या सुई घालायच्या आधी मी डॉक्टरांना सगळं सांगणार. तू आलास की काय ते मला विचार. तिला कोणी एक शब्द विचारायचा नाही. उत्तर मी देणार.

तुझी आई,
इंदू