उत्तर त्याच दिवशी

बारक्या,

तुझ्यामुळे आलेला कायदा काल मंजूर झाला. यापुढे आजारी कैद्याचं औषध त्याच्याजवळच राहील, आणि त्याच्या तक्रारीला अठ्ठेचाळीस तासांत उत्तर न देणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी होईल. तुझा दम्याचा पंप कपाटात कुलपात ठेवणारा साहेब आधीच घरी बसलाय. विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "ताई, भावासाठी किती झगडलात हो!"

झगडले खरी. पण तू त्या कोठडीत गुदमरून गेल्यावर.

त्याआधी तू लिहिलं होतंस, "ताई, पंप देत नाहीत. साहेबांना एक अर्ज कर ना." मला वाटलं, शाळेत कवायतीच्या तासाला तुला नेमकी धाप लागायची, त्यातलाच हा प्रकार. मी लिहिलं, "राजे, ते हॉटेल नाही. पंप देत नसतील तर निदान कवायत तरी माफ करून घ्या." स्वतःच्याच विनोदावर मी खूश झाले. उत्तर त्याच दिवशी टपालात टाकलं. अर्ज मात्र केला नाही.

आज तुझ्या कोठडीतला म्हातारा सुटून भेटायला आला. म्हणाला, "तुमचं पत्र तो रोज वाचून दाखवायचा. 'बघा, आमची ताई कशी लिहिते!' म्हणायचा. हसता हसता त्याला धाप लागायची."

कायदा मी दोनदा वाचला, बारक्या. त्यात बहिणीसाठी एकही कलम नाही.

तुझी, फार छान लिहिणारी,
ताई