दुधानं न्हालेली बोट

बीड,
दि. २४ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप रोहिणीताईस,
धाकट्या अंगदचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

नावाआधी सवयीनं ‘सौ.’ लिहिलं गेलं. मग तो कागदच फाडला आणि दुसरा घेतला. इथं तुरुंगात फोन नाही आणि सासरचे तुला भेटीला येऊ देणार नाहीत, म्हणून हे पत्र वनमालाबाईंच्या अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतोय. त्या तुझ्याच हातात देतील एवढा भरवसा आहे.

ताई, तुमच्या गावच्या पुढाऱ्याची, शहादेवअण्णांची नवी बोट पूजेच्याच दिवशी बुडून दाजी गेले त्याला आज अठरा दिवस झाले. बोटीचं चाक माझ्या हातात होतं. बोटीवर अकरा माणसं होती, दहा काठाला लागली, आणि माझ्याच बहिणीचा नवरा तेवढा खालच्या खोलीत राहिला. अण्णांनी त्यांना फ्रीजमधल्या बाटल्या आणायला खाली पाठवलं होतं. मी दोनदा बुडी मारली. दाराची मूठ हाताला लागली, पण पाण्याच्या दाबानं दार हलेना. तिसऱ्यांदा जायला निघालो तर लोकांनी मला धरून ठेवलं. हे तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून लिहितोय, माफी मिळावी म्हणून नाही.

दहाव्याला येता आलं नाही. आई नेकनूरहून एकटीच आली असेल. तेजू शाळेत जाते का? तिला बोटीचा फेरा मारून आणीन असं कबूल केलं होतं, ते आठवलं की जेवण जात नाही.

अण्णांची माणसं जबाबासाठी तुझ्याकडं येतील. ते सांगतील तसं बोल. चूक माझीच आहे, आणि त्या घरात तुला नि तेजूला दिवस काढायचे आहेत.

लोभ ठेव असं म्हणायला तोंड उरलेलं नाही.
तुझा,
अंगद


सिरसाळा,
दि. १ डिसेंबर २०२५

चि. अंगद यास,
अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिला तो रीत म्हणून. मनातून निघाला का ते विचारू नकोस. तुझं पत्र तीन दिवस पिठाच्या डब्यात पडून होतं. चुलीत घालायचं ठरवलं होतं, पण हात धजला नाही.

इथली गत काय सांगू! मामंजी तात्याबा मेंढरांकडं फिरकत नाहीत, दिवसभर बाजेवर बसून असतात. सासूबाई मला बघितलं की भिंतीकडं तोंड करतात. शेजारणीजवळ म्हणाल्या की सुनेच्या माहेरानं माझं लेकरू गिळलं. तेजू शाळेत जाते, पण डबा तसाच परत आणते.

परवा अण्णांचा माणूस आला होता. सतरा तारखेला बीडला न्यायाधीशांपुढं माझा जबाब आहे. अंगद त्या दिवशी प्यायलेला होता, असं मी सांगायचंय. बोटीला परवानगी नव्हती, आठाच्या जागी अकरा माणसं चढवली, फोटोत फेटे नि जरीचे कपडे झाकले जाऊ नयेत म्हणून तरंगायची जाकिटं प्लास्टिकमध्येच ठेवली, हे सगळं एका दारुड्या मेकॅनिकवर ढकलता येतं. मामंजींनीही बजावलंय की खरं-खोटं काय हाय ते देवाला ठाव, पर तुला अण्णा म्हणतील तसंच बोलावं लागंल, न्हाई तर या घरात जागा न्हाई.

अंगद, तू थेंबाला शिवत नाहीस. सायकलची हवा तीनदा दाबून बघणारा माणूस तू, त्यावरून मी तुला किती चिडवलंय. ट्रॅक्टर खोलायचास तर एकेक नट ओळीनं मांडायचास. मग ती बोट बुडाली कशी? नुसतं चूक माझी म्हणून सुटू नकोस. माझा माणूस कशानं गेला ते मला समजेल अशा शब्दांत लिही. नाहीतर सतरा तारखेला मी खरंच तेच बोलेन.

तुझी,
ताई


बीड,
दि. ६ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलंस म्हणून लिहितो. वाचून झालं की पत्र जाळून टाक.

ती बोट म्हणजे पाण्यावरचा बंगलाच होता. दोन इंजिनं, खाली थंड खोली, फ्रीज, समोर दोन पडदे आणि बावीस बटणं. गोव्याला मला चार दिवस शिकवलं, त्यातले तीन बटणांतच गेले. शिकवणारा एक गोष्ट मात्र रोज सांगायचा. बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, एक भोक असतं. बोट गाडीवर असली की आतलं पाणी तिथून काढून टाकायचं, आणि पाण्यात उतरवण्याआधी पितळेचं बूच घट्ट पिळून बसवायचं. करोडोची बोट त्या अंगठ्याएवढ्या बुचावर तरते, असं तो म्हणायचा.

ते बूच मी काढलं आणि लावायला विसरलो. बोट जोरात पळते तेव्हा त्या भोकातून पाणी आत येत नाही, उलट बाहेर ओढलं जातं. म्हणून दोन फेऱ्या झाल्या तरी कुणाला काही कळलं नाही. मग अण्णांनी फोटोसाठी तलावाच्या मधोमध थांबायला लावलं, सगळे मागच्या बाजूला उभे राहिले, आणि पाणी आत शिरायला लागलं. असं झालं तर पाणी बाहेर फेकायला तळात आपोआप चालणारा पंप असतो. बोट बाहेर काढल्यावर बघितलं, तर पंपाच्या तोंडात पूजेच्या अक्षता, झेंडूच्या पाकळ्या आणि नारळाच्या शेंड्या गच्च बसल्या होत्या.

एवढंच आहे. बूच माझ्या खिशातून कुठंतरी पडलं असेल. मी प्यायलेला होतो असं तू म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही.

आईला आणि तेजूला सांभाळ.
अंगद


सिरसाळा,
दि. ९ डिसेंबर २०२५

चि. अंगद,

बूच तुझ्या खिशातून पडलेलं नाही. ते माझ्याजवळ आहे.

तुझं पत्र अंगणवाडीच्या ओट्यावर वाचलं आणि पितळ या शब्दाशी थांबले. घरी येऊन ट्रंक उघडली. त्या दिवसाची हिरवी साडी बोळा करून तशीच कोंबली होती. तिच्या पदराला गाठ होती. सोडली, तर ते बूच माझ्या मांडीवर पडलं.

पूजेला बोटीवर दोन घागरी दूध ओतलं होतं. बायका म्हणाल्या की वास मारंल, पाव्हणे नाक मुरडतील. मी पाण्यानं सगळं धुतलं, पण पाणी आतच साचून राहिलं. मागच्या बाजूला खाली हात घातला तर पितळेची, बुचासारखी चावी लागली. आपण जनावरांच्या हौदाची काढतो तशी मी ती काढली. दूध-पाणी भळाभळा वाहून गेलं. हरवायला नको म्हणून चावी पदराला बांधली. तेवढ्यात अण्णांच्या मंडळींनी ओटी भरायला हाक मारली. मी गेले, आणि विसरले.

उलट तुला हसत सांगितलं होतं मी, की बघ कशी कोरडी ठणठणीत केलीय तुझी बोट. बोट बाहेर निघाली आणि ते मोकळं भोक दिसलं, तेव्हाच तुला कळलं होतं ना? महिनाभर मी तुला शिव्या दिल्या आणि तू त्या देऊ दिल्यास. मी तुझ्या नावानं बोटं मोडली रे, देवापुढं उभी राहून. आणि माझा माणूस मी माझ्या हातानं बुडवला.

भाकरी थापताना हाताकडं बघवत नाही. मी काय करू ते सांग.

रोहिणी


बीड,
दि. १३ डिसेंबर २०२५

ती. ताई,

आई आज भेटीला आली, तिच्याच हाती हे देतोय. तिला वाचता येत नाही ते आज बरं वाटलं.

तू काहीही करू नकोस. हात जोडून सांगतो. ते बूच विहिरीत टाकून दे आणि सतराला मी प्यायलेला होतो एवढं म्हण. तुला वाटतं तू बोललीस की मी सुटेन. नाही सुटणार. बूच कुणीही काढो, बोट पाण्यात जाण्याआधी बघायचं काम चालकाचं. मी बघितलं नाही. का, ते ऐक. अकरा वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त होता. अण्णा घड्याळ दाखवत होते, मला फेटा बांधत होते, पोरं मोबाइल धरून मला कॅप्टन म्हणत होती. ट्रॅक्टरखाली तेलानं माखणाऱ्या माणसाला उभ्या जन्मात कुणी तसं म्हटलं नव्हतं. फेटा बिघडेल म्हणून मी वाकलो नाही. खरं कारण एवढंच आहे, आणि ते मी वकिलालाही सांगितलेलं नाही.

तुझी चूक नकळत झाली. माझी फुशारकीनं झाली. तू तोंड उघडलंस तर त्या घरात तुला क्षणभर ठेवणार नाहीत, आणि तेजूचा बाप गेला तशी आईही जाईल. मग मी इथं कशासाठी बसलोय? मला एवढं एक काम नीट करू दे, ताई.

पाया पडतो.
अंगद


बीड, कोर्टाचा व्हरांडा,
दि. १७ डिसेंबर २०२५

चि. अंगद,
अनेक आशीर्वाद. हा मनातला आहे.

बूच विहिरीत टाकलं नाही. रुमालात बांधून आणलंय, ते साहेबांपुढं ठेवणार आहे. प्यायलेला माणूस आणि न वाकलेला माणूस यांत फरक असतो, तो फरक त्यांना कळायला हवा. जाकिटांचंही सांगणार आहे, आणि अकरा माणसांचंही. तू नको म्हणालास. पण तुला खोटं दारुडं म्हणून मी तेजूला कोणत्या तोंडानं वाढवू?

तिला पहाटे उठवून सगळं सांगितलं. तिनं विचारलं की पप्पांना हे कळलं होतं का. मी नाही म्हणाले. मग तिनं विचारलं की आता मामा घरी येणार का, आणि आई जाणार का. ती रडली नाही. माझ्यापासून थोडी सरकून बसली, एवढंच.

मग अंगणात जाऊन मामंजींच्या पायांशी बसले आणि त्यांनाही सांगितलं. ते माझ्या हातांकडंच बघत होते. मारतील असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उठले, टोपी घातली आणि माझ्या मागोमाग स्टँडवर आले. बसमध्ये पुढं बसले, मी मागं. इथं कोर्टाच्या फाटकात मात्र थांबले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले की पोरगी आमच्यापाशी ऱ्हाईल, तिची काळजी करू नको.

अंगद, त्यात माया होती की शिक्षा, मला अजून कळलेलं नाही. तासभर झाला, तेवढाच विचार करतेय.

माझ्यावरचा लोभ कमी झाला तर मी समजून घेईन, पण पत्र लिहीत जा. पत्ता कुठला असेल तो कळवते.

पुकारा झाला. जाते.

तुझी,
ताई