जुन्या जानेवारीत उठणारा डबा

बाई, कविता सुरू व्हायच्या आधी तुमच्या बांगड्या ऐकू यायच्या. तुम्ही टेबलावर तळहाताने ठेका धरायचात, हिरव्या काचेची किणकिण दोनदा व्हायची आणि तिसऱ्या ठेक्याला आम्ही सगळ्यांनी तोंड उघडायचं. कशेळ्याच्या शाळेतला तो कौलारू वर्ग, मागच्या खिडकीतून येणारा पेंढ्याचा वास, आणि आपल्या पेज नदीवरची तुमची स्वतःची कविता, जी कुठल्याच पुस्तकात नव्हती. ‘पेजेच्या काठावर उभा पळस, त्याच्या डोक्यावर उन्हाचा कळस.’ पुढच्या ओळीही येतात मला. बाजारातून काय आणायला सांगितलं होतं ते अर्ध्या वाटेत विसरतो, पण त्या येतात.

हे मी आमच्या जुन्या संगणकावर टाइप करतो आहे. मुलगा कॉलेजात होता तेव्हा घेतलेला हा डबा. मुलगा कधीच मोठा झाला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. डबा राहिला माझ्या वाट्याला. याच्या पडद्यावर एक हिरवी टेकडी आहे आणि वर निळं आभाळ. मला ती नेहमी आपल्याकडच्या श्रावणातल्या उतारासारखी वाटते, फक्त तिच्यावर गुरं नाहीत. चालू केला की याच्या पोटात अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखं काहीतरी घुरघुरत राहतं. आत घड्याळ चालू ठेवणारा एक सेल असतो, शर्टाच्या बटणाएवढा. तो केव्हाच संपला. त्यामुळे वीज गेली की, आणि आमच्याकडे ती रोज रात्री जातेच, हा सगळा काळ विसरतो आणि पुन्हा उठतो तो वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीच्या पहिल्या तारखेला. बाहेर भात कापणीला आलेलं असो नाहीतर उन्हाने अंगण फुटत असो, याच्या कोपऱ्यात आपली तीच जानेवारी. आणि त्या जानेवारीत, बाई, तुम्ही आहात.

तेव्हा तुम्ही खालापूरला राहायचात, तहसील कचेरीच्या मागच्या आळीत. मी वालाच्या शेंगा घेऊन आलो होतो, भांबुर्ड्याचा पाला तुम्ही जमवून ठेवलेला. पाला-शेंगा भरलेलं मडकं परसात उपडं घालून आपण पोपटी लावली. जाळ धरला तशी मी फुशारकी मारली, “बाई, आमच्याकडे कॉम्प्युटर आलाय.” तुम्ही काठीने निखारे आत सारत विचारलंत, “कविता पाठ होतात का रे त्याला?” मी म्हटलं, “त्याला सगळंच पाठ असतं.” “चालीसकट?” मी नकारार्थी मान हलवली. “मग अर्धंच की,” म्हणालात आणि मडक्यावर पाणी शिंपडून बघितलंत, शेंगा शिजल्या का ते. पाणी चर्रकन उडालं. शेंगा शिजल्या होत्या. त्यांची चव सांगायला गेलो तर हे पत्र इथेच संपेल.

मध्यंतरी लोधिवलीहून फोन आला. आपल्या वर्गातला तो, ज्याला सगळे बेडूक म्हणायचे. अजून तसाच ओरडतो, त्यात आता ऐकू कमी येतं म्हणून जास्तच. “ए कवी! बाईंचा आवाज हाय रं इंटरनेटवर! आपला तो रेडिओवरचा कार्यक्रम कुनीतरी चढवलाय. आमी सगळी हाव त्यात.” मग म्हणाला, “तू नाय. पन तू आईक. सुरवातीला बाई काय बोलल्यात, तेवढं आईक.” मी विचारलं, काय बोलल्या? “मी नाय सांगनार. तुझा तो डबा उघड आन् आईक,” आणि फोन ठेवून दिला.

त्या कार्यक्रमात मी का नाही, ते तुम्हाला माहीत आहे. पुढे उभा राहून मी म्हणायचं, मागून वर्गाने, असं ठरलं होतं. पळसाचा फांदीफांदीने सराव केला होता आपण. आणि मुंबईला रेकॉर्डिंगला जायच्या तोंडावर माझा आवाज फुटला. एक ओळ वर, एक खाली, मध्येच कोंबडा. पोरं बाकावर डोकं ठेवून हसत होती. तुम्ही रागावलात ते हसणाऱ्यांवर नाही, माझ्यावर, कारण मी तरीही ओढून ओढून गात होतो. “घसा फाडून कविता मोठी होत नाही,” म्हणालात. मग मधल्या सुट्टीत बोलावून हळू आवाजात सांगितलंत, “अरे, जुना आवाज टाकून तू नवा आणायला गेला आहेस. तो येईपर्यंत थांब.” माझ्या जागी बेडूक गेला. मुंबईहून तुम्ही माझ्यासाठी खडीसाखर आणलीत, कागदाच्या पुडीत. ती मी खाल्ली. पण ज्या संध्याकाळी कार्यक्रम लागला, आणि बाजारातल्या दुकानाबाहेर सगळं कशेळं रेडिओसमोर बसलं, तेव्हा मी नदीवर निघून गेलो. पाण्यात कान बुडवून पडून राहिलो. त्यामुळे तो कार्यक्रम मी कधी ऐकलेलाच नाही. सगळ्यांनी ऐकला, मी नाही.

आता ऐकायचा म्हणतो तर या डब्याला जग दार उघडत नाही. बेडकाने नंतर फोनवर एकेक अक्षर सांगून उतरवून घ्यायला लावलेला पत्ता मी टाकतो. पडद्यावर वाळूचं घड्याळ उलटंपालटं होत राहतं. मग पाटी येते, की या पानाची खात्री पटत नाही, तुमच्या संगणकाची तारीख तपासा. कर्जतला दुरुस्तीवाल्याने समजावलं होतं, “काका, आजकाल प्रत्येक पानाकडे एक दाखला असतो, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतचा. तुमचा पीसी मागच्या सालात बसलाय. त्याच्या हिशोबाने तो दाखला अजून जन्मलाच नाही.” म्हणजे मी आधी तारीख पुढे आणायची. कोपऱ्यात गेलं की सालाशेजारी एक छोटा बाण असतो, तो दाबत राहायचं. एक दाबलं की एक वर्ष जातं. मुलाच्या नोकरीचं साल गेलं, लग्नाचं गेलं, माझा कारखाना बंद झाला ते साल गेलं, आणि मग तुमचं साल येतं. तिथे बोट थांबतं, बाई. रोज थांबतं. तुमचा आवाज ऐकायचा तर आधी तुम्ही गेलात ते साल मला माझ्या बोटाने ओलांडावं लागतं. मग दाबतो. काय करणार.

एवढं करून आजच्या तारखेला आलो तरी पान पुरतं उघडत नाही. तुमचा ब्राउझर फार जुना आहे, नवा घ्या, असं म्हणतं. नवा घ्यायला गेलं की तो म्हणतो, तुमची सगळी यंत्रणाच जुनी आहे, या घरात मी राहणार नाही. बातम्यांच्या पानावर ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी, मराठीचे नुसते चौकोन. कार्यक्रमाच्या पानावर एक करडा पट्टा येतो आणि त्याच्यावर त्रिकोण. त्रिकोण दाबला की काही होत नाही. पुन्हा दाबला की वाळूचं घड्याळ. मी बघत बसतो. थकतो. चहा होतो, निवतो.

सून परवा म्हणाली, “बाबा, द्या ना, माझ्या मोबाईलवर लावून देते. दोन मिनिटांचं काम.” म्हटलं, राहू दे गं, माझं मी बघतो. “मग तो डबा तरी भंगारात द्या. टेबलावर माझा मिक्सर बसेल. त्याला काही उघडता येत नाही आणि तुम्हाला तो बंद करवत नाही.” पोरीच्या जिभेला धार आहे, तुम्हाला आवडली असती.

तुम्हाला म्हणून सांगतो. घड्याळाचा सेल मी आणलेला आहे. दुरुस्तीवाल्याने हातात दिला होता, “घरीच बसवा काका, झाकण काढलं की झालं.” तो या टेबलाच्या खणात पडून आहे, अजून वेष्टणातच. बसवला तर डबा रोज आजच्याच तारखेला उठेल, आणि सकाळचे ते दोन क्षण जातील, जेव्हा हिरव्या टेकडीच्या कोपऱ्यात ती जानेवारी असते आणि खालापूरला परसात मडकं तापत असतं. आणि मोबाईलवर ऐकत नाही त्याचंही कारण तेच की. इतकी वर्षं तुमचा आवाज माझ्या कानात एका चालीत बसला आहे. खरा आवाज वेगळा निघाला तर मी हा कुठे ठेवू? शिवाय त्यात मी नाही. जिथे आपण नाही ती कविता ऐकायला या वयातही जड जातं, बाई. शहाणपण नुसतं केसांना आलं.

तर हे पत्र इथेच राहील. याची अक्षरंही जुन्या वळणाची आहेत, दुसऱ्या यंत्रावर नेली तर त्यांचे चौकोन होतील. तुम्हाला कुठे पाठवू, हा प्रश्न त्यानंतरचा.

थांबा. ओट्यावर कुणीतरी आलंय. सून बाजारात गेली आहे, तिच्याकडे किल्ली असते. कडी वाजतेय. काठी आपटल्याचा आवाज. “ए कवी! मेलास का काय? दार उघड रं!”

बेडूक. गुडघे गेल्यापासून लोधिवलीचा उंबरा न ओलांडलेला माणूस. “जीपला लटकत आलोय, कंबर मोडली माजी! उघड. बाईंना घेऊन आलोय!”

त्याला ऐकू येत नाही, म्हणून त्याचा मोबाईल पुऱ्या आवाजात असतो. दार बंद आहे तरी सगळं आत येतंय. आधी नुसती खरखर. मग किणकिण. दोनदा. आणि तुम्ही म्हणता आहात, “आमच्या शाळेची मुलं आता कविता म्हणतील. जो पुढे उभा राहून म्हणणार होता, त्याचा आवाज सध्या नवा होतो आहे, म्हणून तो कशेळ्याला थांबला आहे. त्याची पहिली ओळ मी म्हणते.”

तुम्ही म्हटलीत. पळसाची ओळ. आवाज बारीक आहे, बाई, मला आठवत होता त्यापेक्षा खूप बारीक, आणि किंचित घाबरलेला. माझ्या सुनेपेक्षाही लहान मुलीचा. एवढ्याशा होतात तुम्ही, आणि आम्ही तुम्हाला भ्यायचो.

कडी पुन्हा वाजतेय. तो शिव्या देतोय. उठतो आता. सेल मात्र मी बसवणार नाही.