कागदावर मेलेली वहिनी

वहदत, १२ मार्च

माहताब वहिनी,

सलाम. आम्ही बरे आहोत. थंडी सरली, कोळसा पुरला. शुगूफा आता माझ्या खांद्याला लागते आणि तिचं तोंड तुझ्यासारखंच चालतं. नौरोझ आठ दिवसांवर आलाय, जर्दाळू-बदाम भिजत घालायचेत, पण हात चालत नाही.

ही निर्वासितांची कचेरी, दुसरं काय! अगं, चार वर्षांत सात मुलाखती. दर वेळी नवी बाई, नवा दुभाषा आणि प्रश्न तोच: देश का सोडला? शेवटी मी म्हटलं, "हवा बदलायला!" तर बाईने तेही लिहून घेतलं. मधे आम्हाला बसवून मन शांत कसं ठेवायचं ते शिकवलं. अरे, तुम्ही एकदाचं उत्तर द्या, मन आपोआप शांत होईल!

आता कॅनडाचा होकार आलाय. पण माझा एकटीचा. शुगूफापाशी घोडं अडलंय.

पहिल्या मुलाखतीत विचारलं, ही कोण? म्हटलं, माझी मुलगी. भाऊ गेल्यावर त्याच्या लेकराला आपल्यात कोणी भाची म्हणतं का? बाई म्हणाली, "तुमचे यजमान वारले त्यानंतर दोन वर्षांनी ही जन्मली. ती कशी?" झाली का पंचाईत! म्हटलं, भावाची. "मग हिची आई?"

मी म्हटलं, मेली.

गेल्या महिन्यात शुगूफाला एकटीला आत बोलावलं. ती म्हणाली, "आई तिकडे आपल्या देशात, तालुकानला असते. वेणी घट्ट घालते." आता बाई कपाळाला हात लावून बसलीय: मुलगी एक, आया दोन, त्यातली एक मेलेली!

हो, मीच तुला कागदावर मारलं. तू दुसरं लग्न केलंस तेव्हा भर दारात म्हणालेच होते, आमच्यासाठी तू मेलीस. पोर आमच्या घराची म्हणत ओढून घेतली. तिची मूठ तुझ्या ओढणीत आवळलेली होती, एकेक बोट मी सोडवलं. कचेरीतल्या बायकांना मी रोज शिव्या घालते. पण तुझी चौकशी त्यांनी केली, मी कधीच केली नाही.

सोबत कचेरीने तुझ्यासाठी दिलेला कागद आहे. त्यावर दोन चौकोन आहेत. पहिला: मुलगी आत्याबरोबर जाऊ दे. दुसरा: मुलगी माझ्याकडे पाठवा. तुझ्या नवऱ्याकडून वाचून घे, त्याला माझा सलाम सांग. हे पत्र आणणारा खालमुराद ट्रक घेऊन इकडे परतेल तेव्हा त्याच्याच हाती दे.

दुभाषा म्हणाला, "पहिल्यावर खूण करूनच पाठवा, खाला. तिला काय कळतंय?" मी नाही केली. जीव तुटतो गं, तिच्याशिवाय मी कुठे जाऊ? पण या वेळी तुझ्या हातातून कोणी काही ओढणार नाही. अंगठा तुझा.

चार वर्षं शाळेच्या, दवाखान्याच्या प्रत्येक कागदावर 'आई' म्हणून सही केली. आज पहिल्यांदा खरी करते.

शुगूफाची आत्या,
हूरिया