नळी खिळ्यावरच राहू द्या

गारखेडा, औरंगाबाद
मंगळवार, २० ऑक्टोबर १९८१

तीर्थरूप दादा,

पुंजारामचा नमस्कार. तुमचं पत्र शनिवारी पोचलं. माझी तब्येत बरी आहे. फक्त तोंड बरं नाही, दोन दिवस भाकरीला चव लागत नाही. त्याचं कारण पुढं येईल. मायचा गुडघा कसा आहे? द्वारकावहिनींना नमस्कार सांगा.

तुम्ही लिहिलंय की सोनाजीला नावेवरून काढलं ते काढलंच, आता फकिरा नाव चालवणार, तर त्याच्यासाठी डिझेल फिल्टर बदलायची रीत नीट लिहून पाठव. लिहितो. माझं शिक्षण आठवीपर्यंतच, म्हणून दोनदा कच्चं लिहून मग हे पक्कं करतोय.

आधी टाकीचा कॉक बंद करावा. फिल्टरखाली डबा धरावा. मधला बोल्ट सोडला की खालचं भांडं हातात येतं. ते सरळ धरावं, हिसका देऊ नये.

आत काय निघतं ते फकिराला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो भांडं पाण्यात टाकून देईल. अष्टमीच्या आदल्या दिवशी मी उघडलं तेव्हा तळाशी बोटभर काळा चिकट गाळ होता, शेंबडासारखा. त्यावर पाणी, पाण्यात चिंधीचे धागे आणि एक मेलेलं झुरळ. वास असा की दुपारचं जेवण वर आलं. हेच इंजिन आपल्या विहिरीवर होतं तेव्हा बाबा टाकीचं तोंड पुसून झाकण लावत. विहीर धरणात गेली, इंजिन नावेवर आलं, आणि झाकणाच्या जागी आपण वहिनींच्या जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला. मासळीच्या टोपल्या त्याच टाकीला टेकवतात. तंबाखूच्या पिचकाऱ्या त्याच फळीवर. दादा, राग मानू नका, पण त्या नावेत मला पाय ठेवायची किळस येते. तेव्हाही आली होती.

भांडं रॉकेलनं धुवावं. जुना कागदी फिल्टर धुऊन परत घालू नये, फेकावा. नवा बसवावा, रबरी वायसरही नवं. बोल्ट आवळावा, कॉक उघडावा.

मग हवा काढावी.

दोन्ही कच्च्या कागदांवर मी इथं एवढंच लिहिलं होतं की ‘वरचा स्क्रू ढिला करून हवा निघाली की बंद करावा’. वाचायला बरोबर वाटतं. पण तेवढ्यावर फकिरानं नाव नेली तर ती बंद पडेल, म्हणून पुढचं लिहितो.

विहिरीवर टाकी उंच होती, डिझेल आपोआप उतरायचं. नावेत टाकी इंजिनाच्या जेमतेम वर आहे. त्यामुळं स्क्रूच्या भोकाला रबरी नळी लावून तोंडानं ओढावं लागतं. डिझेल तोंडात येईपर्यंत ओढावं, थुंकावं, परत ओढावं. बुडबुडे थांबले की स्क्रू आवळावा. ती नळी इंजिनाशेजारी खिळ्याला टांगलेली असते. सोनाजीची आहे. तिच्या टोकाला त्याच्या दातांच्या खुणा आहेत आणि टोक तंबाखूनं पिवळं पडलंय.

मी ती नळी हातात घेतली, वास घेतला आणि परत खिळ्याला लावली.

स्क्रू ढिला केला, थोडं डिझेल आलं, तेवढ्यावर आवळून टाकला. सोनाजी वरून वाकून म्हणाला, “पुंजाभाऊ, नळीनं वढली का हवा?”

मी म्हणालो, “ओढली.”

तो म्हणाला, “तोंडाला गूळ लावा जरा. लई वंगाळ लागतं ते.” आणि कनवटीच्या पुडीतून गुळाचा खडा काढून दिला. तोही मी त्याची पाठ वळल्यावर पाण्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या देवीला निघालेल्या अकरा बायका, माय आणि वहिनी धरून, नावेत होत्या. मीही होतो. तुम्ही काठावर होता, तुम्हाला फक्त नाव थांबलेली दिसली. अर्ध्या पाण्यात इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. वारा आम्हाला बुडालेल्या बाभळींकडं ढकलत होता. साळूकाकू रडायला लागली. माय म्हणाली, “सोना, काढ रं बाबा इथनं. देवीच्या आधी तुलाच नारळ फोडीन!” त्या भीतीतही दोघी-तिघी हसल्या.

सोनाजीनं नळी काढली. नळी आतून कोरडी होती, डिझेलचा वाससुद्धा नव्हता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. दादा, त्याला तेव्हाच कळलं. त्यानं नळी तोंडाला लावली. नाव हेलकावे खात होती, पहिलाच घोट त्याच्या नरड्यात गेला. तो ओकला, तोंड पुसलं, परत ओढली. तीनदा. मग हँडल मारलं आणि इंजिन लागलं. बाभळीचा एक शेंडा नावेला घासून गेला, एवढ्यावर वाचलो. तो देवीला न जाता तसाच माघारी फिरला.

काठावर तुम्ही विचारलंत, “काय झालतं रं?” तुम्ही मला विचारलंत, कारण मी शहरात कारखान्यावर शिकलेला. मी म्हणालो, “सोनाजीनं मागनं स्क्रू ढिला केला असंल. मी तर आवळून दिलता.”

तुम्ही त्याला म्हणालात, “बायकामाणसं बुडवायला निघालता का? उतर खाली.”

त्यानं तोंड उघडलं, पण ओठ सुजलेले, घसा जळालेला. नुसता खोकला आला. सगळ्यांना वाटलं, बोलायला तोंड नाही.

तेव्हापासून मला जी किळस येते ती गाळाची नाही. काम करताना हात सारखे धुतो, साबण संपला तरी धुतो.

काल मी कारखान्यात एका पंपाच्या इंजिनाची हवा तोंडानं ओढली. मिस्त्री म्हणाले, “अरे, इथं हवा काढायला हातपंप आहे की.” मी तरी ओढली. चव अजून जात नाही. ती सोनाजीच्या तोंडाची नव्हे, डिझेलची आहे. पाण्यात टाकलेला गूळ आठवला.

तुम्ही लिहिलंय, तो दोनदा धक्क्यावर येऊन गुपचूप बसून गेला, आणि शुक्रवारी भावाबरोबर मेंढरं घेऊन गंगापूरकडं निघणार. त्याआधी हे पत्र त्याच्यासमोर धक्क्यावर मोठ्यानं वाचा. त्या बायकांना बोलवा. मधलं काही गाळू नका, काठावरचं माझं खोटं वाक्य तर मुळीच नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

वरची रीत फकिराला देऊ नका. सोनाजीला ती येते. नळी खिळ्यावरच राहू द्या. टाकीला झाकण मी घेऊन येतो, रविवारच्या एस.टी.नं. तेव्हा तुम्ही मला काठावर जे म्हणाल ते सगळ्यांसमोर म्हणा.

मायला सांगा, सोनाजीचा नारळ राहिलाय.

ज्यानं नळी ओढली नाही आणि ओढली म्हणाला, तो तुमचा धाकटा भाऊ,
पुंजाराम