मांसातलं हाड

आये, तुला लिहायचं किती वर्षं टाळलं. तुला वाचता येत नव्हतं आणि मलाही जेमतेम; पंतोजींकडून पळालो तो अजून पळतोच आहे. सध्या नारायणगावात एका मारवाडी शेटजींच्या ओसरीवर पडून असतो. त्यांचं मराठी माझ्याहून शुद्ध. पण ते राहू दे.

मी लहान असताना डिंगोऱ्याच्या जत्रेत एडक्यांच्या टकरी लागल्या, मी मध्ये घुसलो आणि एडक्यानं मांडीवर धडक दिली. बा रोज माझ्या छातीवर गुडघा रोवून ऊन तेलानं मांडी चोळायचा. मी चावायचो, तो थोबाडीत द्यायचा, पुन्हा चोळायचा. शेवटी मांडीत दगडासारखी गाठ धरली, गुडघा वाकेना. तू मला पाठुंगळी मारून जुन्नरच्या दवाखान्यात नेलंस. बा मागून शिव्या देत.

डॉक्टरांनी गाठ बोटांनी हलवून पाहिली, मार कधी बसला, घट्टपणा कधी आला, सगळं विचारलं. म्हणाले, "मांसात हाड धरलंय. मांडीच्या हाडापासून सुटं आहे. मार बसल्यावर क्वचित होतं असं. जिवाला धोका नाही. चोळू नका, डागू नका, कापायचं तर मुळीच नाही. पाय स्वस्थ ठेवा."

"आन औषिद?" बा.

"हेच औषध."

"मग येवढं चालत कशाला आलो?"

घरी येताच बानं विळा चुलीत खुपसला. "मेंढराची गाठ डागली की जाती. पोराची का नाय जायची?"

"मेंढरू मेलं तर खाता येतंय. पोराचं काय करशील?" तू.

मला अजून दिसतंय. पातं लाल झालंय, बा माझ्या पायावर बसलाय, मी मुतलोय. आणि तू मुसळ घालतेस त्याच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज, सारवणावर पडलेल्या विळ्याचा धूर. दुसऱ्या दिवशी शेजारीण माझ्या गाठीवर बिब्बा घालायला आली, तिचे केस धरून तू तिला अंगणात लोळवलंस. "माझ्या लेकराला शिवशील तर हात तोडीन!" डॉक्टरांनी काही करू नका म्हटलं, आणि त्यासाठी तुला अख्ख्या वस्तीशी मारामारी करावी लागली.

उन्हाळ्यापर्यंत गाठ सुपारीएवढी उरली, गुडघा वाकला. पुढं तू तापानं गेलीस. बा मेंढरं घेऊन घाट उतरला, तेव्हा मी अजून लंगडतच होतो; तो परतलाच नाही.

एक सांगतो, रागावू नकोस. थंडीत मांडी ठणकली की मी चोरून तेल लावून चोळतो.

थांब, ओसरीच्या पायरीशी कुणी म्हातारा उभा आहे. हात मनगटात वाकडा. शेटजींना विचारतोय, "पावणं, हितं लंगडं पोरगं ऱ्हातंय का?"

मी उठून चालून दाखवतो त्याला.