या मृगात पेरू नकोस

क्वीन्सटाउन, सिंगापूर
२ मे २०२५

चि. निशिकांत यास अनेक आशीर्वाद.

प्रणितानं पाठवलेल्या फोटोमुळे हे पत्र लिहिते आहे. तिला रागावू नकोस. लेक तुझी असली तरी आत्याशी ती खोटं बोलत नाही. फोटोत आपल्या सात नंबरच्या वाफ्याची पाटी आहे, पाटीखाली रानडुकराची मादी पडली आहे आणि शेजारी तुझ्या होमस्टेचे पाहुणे बंदूक घेऊन हसताहेत.

इकडे सगळे बरे. उकाडा बाराही महिने तोच. अक्षर मोठं आलं आहे, चालवून घे.

फोनवर तू म्हणालास, "ताई, परवाना आहे. पिकाची नासाडी करतात." कोणतं पीक, निशिकांत? ओढ्याकाठची ती दोन एकर नाचणी आणि चवळी आपण रानडुकरांसाठीच पेरतो. कापत नाही, मळत नाही. पाहुण्यांनी मचाणावर बसून बघावं, एवढंच ठरलं होतं. आपणच वाढलेलं त्यांनी खाल्लं, तर ती नासाडी?

तुला चार शब्द सुनवायचे आणि पत्र संपवायचं, असा बेत होता. पण गेल्या रविवारी नात इशिताबरोबर पार्कात गेले. बसस्टॉपमागे रानडुक्कर उभं. मी पर्समधून बिस्किट काढलं.

"आजी, कॅनॉट फीड लाह! एवढा मोठा बोर्ड आहे, दिसत नाही?"

"एका बिस्किटानं काय होतंय गं?"

"मग ते माणसांना घाबरत नाही. अँड देन समबडी किल्स इट."

दहा वर्षांची पोर. मी बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र, पहिला वर्ग.

बारा वर्षं दर हिवाळ्यात तिकडे येऊन मी त्या जनावरांना शिकवलं की इथे माणसाचा वास आला तरी भ्यायचं कारण नाही. मादी पिलांना घेऊन कुठून उतरते, किती वाजता, वारा कुठला असला की जवळ येते, सगळं वहीत लिहिलं आणि वही तुझ्याकडे ठेवली. पाहुण्यानं फक्त चाप ओढला.

म्हणून सांगते, या मृगात पेरू नकोस. एकही वाफा नाही. दोन-तीन वर्षं काही मिळालं नाही की ती वाट सोडतील. मचाणाची शिडी काढ. तुझे पाहुणे कमी होतील, ते मला कळतं. तरी काढ.

"येऊन बोल," म्हणशील. दोन हिवाळे मी तिकिटांची कारणं सांगितली, ती खोटी होती. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आला आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. मचाणावर बसले तरी आता पानांची सळसळ तेवढी माझी. फोटोत काय आहे, तेही प्रणितानंच फोनवर सांगितलं. सांगताना रडत होती.

काय ठरवलंस ते तिच्याकरवी कळवू नकोस. स्वतः फोन कर. मला ऐकू नीट येतं.

तुझी
अरुणाताई

इथल्या विद्यापीठात संशोधन करणारी भार्गवी उद्या पुण्याला निघते आहे. पत्राबरोबर तिच्या हाती दिलं:
मचाणाच्या कुलपाची माझ्याकडची किल्ली, तुला. ती इकडे परतताना माझी वही तिच्याजवळ दे.
दुर्बीण एक, केससह, प्रणिताला. काचा पुसल्या आहेत.